फायबरचं पान

भांडण बापलेकांचं होतं आणि मला त्यात पंच म्हणून बोलावलं होतं.

जुन्नरच्या बाजारात दस्तगीरचाचांचं ढोल, ताशे आणि हलग्या मढवायचं दुकान आहे. अलीकडे ते जेंबेही करतात. जेंबे हा आफ्रिकेतला हातांनी वाजवायचा ढोल. वर रुंद, खाली पेल्याच्या दांड्यासारखा निमुळता. चाचा त्याचं खोड शिवणीच्या लाकडातून काढतात, वर बोकडाच्या कातड्याचं पान चढवतात आणि दोरीने ताणतात. त्यांचा मुलगा मोईज कॉलेजात माझ्या वर्गात होता. त्याचं म्हणणं असं की नाणेघाटाच्या वाटेवर तंबूंचे जे कॅम्प निघालेत, त्यांना पर्यटकांसाठी असले जेंबे देण्यात अर्थ नाही. तिकडच्या ओल्या हवेत कातडं बघता बघता सैल पडतं. त्याने नमुन्याला एक फायबरचा जेंबे मागवला होता. खोड फायबरचं, पान प्लॅस्टिकचं आणि ताण द्यायला दोरीऐवजी बोल्ट. वजनाला हलका, भिजला तरी काही बिघडत नाही.

चाचांनी तो एकदाच वाजवून पाहिला आणि बाजूला सारला.

“बादली आहे ही,” ते म्हणाले. “बादली घरात आहे आपल्या.”

दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. कातड्याच्या मधोमध पंजा टाकला की जो खोल ‘धुम्म’ निघतो, तो कानाआधी पोटाला कळतो. फायबरच्या जेंबेत तो उथळ येतो. त्याचा सगळा जोर काठावरच्या ‘टाक्’मध्ये, आणि त्या टाक्‌मागे भांडं पडल्यासारखी किणकिण रेंगाळते. शिवाय कातडं हाताखाली थोडं दबतं, प्लॅस्टिक दबत नाही. मोईजची बोटं त्यावर वाजवून सुजत होती. हे त्याने मला सांगितलं होतं, चाचांना नाही.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, ध्वनीवर प्रकल्प केला होता, आणि सध्या घोडेगावला अकरावी-बारावीला शिकवते. मी म्हटलं, कोणाला काय आवडतं ते राहू द्या. कॅम्प जिथे आहे त्याच हवेत कोणाचा आवाज किती लांब पोचतो ते मोजू. चाचा लगेच तयार झाले, कारण आपण जिंकणार याची त्यांना खात्री होती. मोईजही तयार झाला, त्याच कारणाने. लांब उभं राहून ऐकायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं काम इफराने मागून घेतलं. इफरा मोईजची धाकटी बहीण, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. घरातल्या भांडणात आपलं मत कोणी विचारत नाही याचा तिला राग होता, आणि आता निकाल तिच्या कानावर ठरणार होता.

भाद्रपदातल्या एका दुपारी आम्ही टेम्पोने घाटघरला गेलो. चाचांच्या ओळखीचे कुंडलिकभाऊ गावाच्या अगदी टोकाला राहतात. त्यांची हलगी वर्षानुवर्षं चाचांच्याच दुकानात मढवली जाते. घर एका टेकाडाच्या आडोशाला आहे, कोकणातून चढून येणारा वारा अंगावर येऊ नये म्हणून. टेकाडापलीकडे पठार, पठाराच्या शेवटी कडा, आणि कड्याखाली थेट कोकण. पठाराकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला जीवधन किल्ल्याच्या डोंगराची उभी भिंत.

घरी पोचलो तेव्हा चाचांच्या जेंबेचं पान खरोखरच सैल पडलं होतं. त्यांनी तो पडवीतल्या चुलीपासून थोडा लांब ठेवला आणि हळूहळू फिरवत शेकायला सुरुवात केली. घाई केली तर कातडं काठाला तडकतं.

“अब्बा,” मोईज म्हणाला, “कॅम्पवाल्याला जेंबेबरोबर चूलपण द्यायची का?”

कुंडलिकभाऊ हसले. चाचांनी जेंबे आणखी थोडा फिरवला. शेकणं लांबत गेलं, चहा झाला, तरी पान चाचांच्या मनासारखं होईना. इफरा कंटाळली. तुम्ही शेकत बसा, मी पुढे जाऊन जागा बघते, असं म्हणून तिने पिवळा रेनकोट चढवला. कुंडलिकभाऊंनी तिला टेकाडापलीकडचा मोठा कातळ सांगितला आणि त्याच्या पुढे जाऊ नको म्हणून बजावलं. ती हो म्हणाली. ऊन होतं. कातळ म्हणून तिने कोणता दगड धरला, ते अजून तिला सांगता येत नाही.

धुकं उतरतं असं आपण म्हणतो. तिथे ते चढतं. घाटाच्या तोंडातून आधी एक पांढरी जीभ वर आली, मग टेकाडाचा माथा गेला, आणि चाचा जेंबे खाली ठेवून उभे राहीपर्यंत अंगणातला गोठासुद्धा दिसेनासा झाला होता. त्यांनी हाक मारली. मोईजने मारली. मी फोन लावून पाहिला, पण घरातच रेंज नव्हती. मोईज अंगणातून सरळ पळत सुटला, तेव्हा कुंडलिकभाऊंनी मागून त्याच्या शर्टाला धरून त्याला अक्षरशः खेचून आणलं.

“एक चुकलंय तेवढं पुरं,” ते म्हणाले. “कडा दिसत न्हाई, पायाखाली आल्यावर कळतो. हितनंच बोलवायचं तिला.”

बोलवायची तिथली रीत आहे. धुक्यात गुराखी अडकला की घरच्या पडवीतून हलगी वाजवायची. थोडा वेळ वाजवायची, मग तेवढाच वेळ गप्प बसायचं. हलगी वाजत असताना चुकलेल्या माणसाने आवाजाकडे चालायचं. हलगी थांबली की त्याने जागीच थांबून ओ द्यायची. दुकानात बसून कुंडलिकभाऊंनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की इफराला ती पाठ असणार, असं मोईज म्हणाला. चाचांनी भिंतीवरची हलगी काढून चुलीवर धरली.

हलगी थोडीच वाजली आणि बसली. धुकं पडवीत आत शिरत होतं, आणि शेकलेलं कातडं टिपरू चार वेळा पडायच्या आत ओल धरत होतं. चाचांनी आपला जेंबे ओढला. त्याचा आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा निघाला. त्यांनी तो पुन्हा चुलीकडे नेला, आणि या वेळी ते घाई करत होते. काठाजवळ बारीक ‘कट्’ असा आवाज झाला. मी पाहिलं, मोईजने पाहिलं. पानाला चीर गेली होती.

मोईजने फायबरचा जेंबे पडवीच्या पायरीवर दोन्ही गुडघ्यांत धरला आणि वाजवायला लागला. टाक्, टाक्, टाक्. धुक्यात तो आवाज कानशिलावर बसत होता. त्याला काहीही झालं नाही, ओलीचा त्याच्यावर परिणाम नव्हता. मोईज थांबला. आम्ही कान देऊन उभे राहिलो.

लांबून, टेकाडापलीकडून, “अब्बा” अशी हाक आली.

वाजव, चाचा म्हणाले. मोईजने वाजवलं, थांबला. हाक आली. पुन्हा वाजवलं. हाक आली, पण बारीक. मला वाटलं वारा फिरला असेल. पुढच्या खेपेला ती इतकी बारीक होती की कुंडलिकभाऊंनी आली म्हटलं आणि चाचांनी नाही म्हटलं.

ती आवाजाकडे चालत असेल तर हाक मोठी व्हायला हवी होती. ही लहान होत होती. मला दोनच शक्यता दिसत होत्या: तिची ताकद संपत होती, नाहीतर ती लांब जात होती. आणि मोईजच्या प्रत्येक टाक्‌मागे, तो पडून गेल्यावर, डावीकडून कुठूनतरी एक पुसट टाक् परत येतोय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

अंगणाला दगडाची गडगी, म्हणजे बुटकी कुंपणभिंत, आहे. ती टेकाडाच्या कडेने वळून पठाराच्या बाजूला जाते. गडगीवरचा हात न सोडता मी त्या वळणापर्यंत गेले. मागे मोईज वाजवायला लागला. आणि मी घराकडे पाठ करून उभी असताना, माझ्या पाठीमागून काही येण्याऐवजी, जेंबे माझ्या डाव्या हाताला वाजला. खणखणीत. जीवधनच्या बाजूला. मागून जे येत होतं ते टेकाडाच्या मातीत अडून नुसती थपथप उरली होती. मला घर माहीत होतं, तरी माझं तोंड आपोआप डावीकडे वळलं.

खोल आवाज टेकाडावरून वाकून पलीकडे जातो. टोकदार आवाज वाकत नाही. तो अडतो, आणि समोर उघडी भिंत मिळाली की जसाच्या तसा परत येतो. इफरा आमच्याकडे येत नव्हती. ती पडसादाकडे चालली होती, आणि त्या दिशेला कड्याची धार पठारात आत घुसलेली आहे.

मी परत धावले आणि मोईजला थांब म्हटलं. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजवर त्यांच्या घरी खाल्लेलं सगळं परत मागतील.

“माझी मुलगी तिकडे आवाज शोधतेय,” ते म्हणाले, “आणि मी तो बंद करू?”

मी सांगायचा प्रयत्न केला. भिंत, टेकाड, वाकणारा आवाज, न वाकणारा आवाज. मी वर्गात हे बरं शिकवते; तिथे माझे शब्द एकमेकांत अडकत होते. मोईज हात वर धरून बसला होता, वाजवू की नको या मध्यावर. शेवटी मी चाचांचा हात धरला, जो मी कधीच धरला नव्हता, आणि त्यांना गडगीच्या कडेने वळणापर्यंत नेलं. मोईजला एकदाच वाजवायला सांगितलं.

चाचांनी मान तिरकी करून ऐकलं. दुकानात ते ढोल ऐकतात तसं. त्यांचा चेहरा डावीकडे वळला, मग घराकडे, मग पुन्हा डावीकडे. ते परत आले, आणि मोईजच्या मांडीतल्या जेंबेच्या पानावर त्यांनी पूर्ण पंजा दाबून ठेवला, उरलेली किणकिणही बंद होईपर्यंत.

मग त्यांनी कुंडलिकभाऊंना विचारलं की वाजवायची जागा हीच का.

“माझा बा हितंच वाजवायचा.” कुंडलिकभाऊ गोंधळले होते. “हलगीला इस्तू लागतो. चूल हितं, म्हणून हलगी हितं. आन् आमच्या माणसाला जीवधनाचा घुमाव ठावं असतो, दस्तगीरभाई. त्यो सोडून चालायचं, ही काय सांगायची गोष्ट न्हाई. ल्हान पोरांना बी ठावं.”

जुन्नरच्या पोरीला ठावं नव्हतं. हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मोईजच्या जेंबेकडे पाहिलं. त्याला चूल लागत नव्हती. इतका वेळ तो चुलीपाशी होता, कारण हलगी चुलीपाशी असते.

“टेकाडावर,” मी म्हटलं.

मोईजने जेंबे पाठीवर बांधला. हलका होता म्हणूनच बांधता आला. कुंडलिकभाऊंनी बैलाचं दावं काढलं, एक टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं, बाकी आम्ही हातात धरून त्यांच्या मागे. टेकाड लहान होतं, पण भिजलेल्या गवतावर पाय घसरत होता आणि चाचा मध्येच गुडघ्यावर आले. कोणी हाक मारायची नाही, असं मी सांगितलं होतं. हाकही जीवधनवर आपटून तिकडूनच गेली असती. त्या चढणीइतकी शांतता मी कधी ऐकली नाही. रीतीप्रमाणे वाजणं बंद म्हणजे जागीच थांबायचं. पण इफरा थांबणाऱ्यातली नाही. कातडं शेकून होईपर्यंतही तिला दम निघाला नव्हता. आता आवाज एकाएकी गेला म्हणून, आपल्याला शोधणं सोडून दिलं असं समजून ती पुढे सरकली तर? मोईज माझ्यापुढे होता. त्याच्या मनातही तेच चालू असावं, कारण तो मधून मधून पुटपुटत होता, “थांब, थांब, थांब.”

माथ्यावर पाऊस आडवा लागत होता. मोईज गुडघ्यावर बसला, जेंबेचं तोंड त्याने पठाराकडे तिरकं केलं आणि काठावर मारायला लागला. पानावरचं पाणी प्रत्येक थापेला त्याच्या तोंडावर उडत होतं. आवाज उघड्यावर वेगळा झाला, कोरडा, सरळ. पडसाद आताही येत होता, पण मागाहून आणि फिका.

थांबला. काही नाही.

पुन्हा वाजवलं. थांबला. वारा फक्त.

तिसऱ्यांदा वाजवताना त्याची करंगळी काठाच्या बोल्टवर फाटली. त्याने हात बदलून पाहिला, पण बोटं आधीच टरारून सुजली होती आणि थाप पोकळ पडायला लागली. उजेड उतरत होता. चाचा त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी खांद्याने त्याला बाजूला ढकललं.

ते दुकानात ज्याला बादली म्हणाले होते त्यावर वाजवत होते. ‘धुम्म’ शोधायला गेलेच नाहीत. सरळ काठ धरला. चार बोटं एकत्र जुळवून, कातड्यावर कधी मारली नसती इतक्या निर्दय ताकदीने, टाक्, टाक्, टाक्. ताल नव्हता. ताल धरायचा प्रयत्नही नव्हता. मग हात वर.

“अब्बा.”

समोरून. डावीकडून नाही, समोरून. कुंडलिकभाऊंनी दाव्याला हिसका दिला, आम्ही कोणी त्या दिशेने निघालो नाही ना हे बघायला. चाचांनी वाजवलं. थांबले. हाक मोठी झाली होती. पुन्हा वाजवलं, थांबले, आणि हाक आली नाही. पुन्हा वाजवलं. नाही आली. कुंडलिकभाऊ हळूच म्हणाले, मध्ये ओहोळ आहे, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नसेल. चाचांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांच्या हाताखालून पातळ गुलाबी पाणी पानावर पसरत होतं, पाऊस ते धुऊन नेत होता आणि ते पुन्हा येत होतं.

मग धुक्यात एक पिवळा डाग दिसला, टेकाडाच्या पायथ्याशी, हातापायांवर चढणारा. मोईज दावं सोडून खाली घसरत गेला. चाचा वाजवतच राहिले. इफरा त्यांच्यासमोर येऊन बसली, त्यांच्या हातावर हात ठेवला, तरी त्यांनी आणखी दोनदा मारलं.

ती थरथरत होती, पण धड होती. बोलायला लागल्यावर थांबेना. म्हणाली, आवाज अगदी जवळ आला होता, समोरच घर आहे असं वाटत होतं. आणि एकाएकी पाऊस खालून लागायला लागला. हनुवटीला, रेनकोटच्या आतून, खालून वर. तिला कळेना. मग आवाज बंद पडला म्हणून ती रीतीप्रमाणे थांबली. थांबल्यावर तिने पाय पुढे करून चाचपलं, तर पुढे काही नव्हतं. ती खाली बसली आणि बसूनच राहिली. ओरडली, पण वाऱ्याने आवाज तोंडातच परत येत होता. नंतर जेंबे पाठीमागून वाजला तेव्हा तिचा त्यावर विश्वास बसला नाही. भिंतीवरून परत येतोय असं समजून दोनदा तिने तो सोडून दिला.

“मग?” मोईजने विचारलं.

“मग कोणीतरी लई रागानं वाजवायला लागलं. भिंत अशी वाजवत नाही.”

कुंडलिकभाऊंनी जेंबे उचलला, उलटा करून त्यातलं पाणी ओतलं आणि पानावर नख मारून पाहिलं. ते तसंच ताणलेलं होतं.

“ह्यो हितंच राहू द्या,” ते चाचांना म्हणाले. “कॅम्पाचं तुमी बापलेक बघा.”

चाचांनी मान हलवली. आवाज वाईटच आहे त्याचा, ते म्हणाले, आणि मोईजला काठाचे बोल्ट कापडाने गुंडाळून द्यायला सांगितलं, नाहीतर हात कापतो. कॅम्पवाल्याला काय द्यायचं ते मोईजने विचारलं नाही. चाचांनीही सांगितलं नाही.

आम्ही दावं धरून खाली उतरलो. चाचा इफराचा हात धरायला बघत होते, पण त्यांची मूठ मिटत नव्हती. तिने त्यांचं मनगट धरलं.